हरल्यानंतरची सकाळ

आज आम्ही तुम्हाला जरा लांबची गोष्ट सांगणार आहोत. न्यूयॉर्क शहराची, बास्केटबॉलची आणि रेडिओची. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना त्याचं काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण मध्यंतरी एका बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आपण रेडिओवर नुसत्या बोलत बसतो. बोलून होतं काय?" त्याचं उत्तर शोधता शोधता ही गोष्ट हाती लागली.

आधी खेळ समजून घेऊ. बास्केटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. दहा फूट उंचीवर एक कडं, त्यातून चेंडू टाकायचा. अमेरिकेत या खेळाची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे एनबीए. हिवाळाभर साखळी सामने चालतात आणि एप्रिलपासून जूनपर्यंत बाद फेऱ्या. त्यांना तिकडे प्लेऑफ म्हणतात. आपल्याकडे बाद फेरीत एक सामना हरलं की घरी. तिथे तसं नाही. तेच दोन संघ पुन्हा पुन्हा समोर येतात. सातांपैकी चार सामने जो आधी जिंकेल तो पुढे. म्हणजे एकच झुंज दोन-दोन आठवडे चालते. सामना अडीच तासांचा आणि मधलं वाट बघणं दोन-दोन दिवसांचं. हे वाट बघणं लक्षात ठेवा. आपली गोष्ट तिथेच घडते.

न्यूयॉर्कच्या संघाचं नाव निक्स. १९४६ साली तो सुरू झाला. पूर्ण नाव न्यूयॉर्क निकरबॉकर्स. वॉशिंग्टन अर्व्हिंग नावाच्या लेखकाने १८०९ साली शहराचा एक विनोदी इतिहास लिहिला, तेव्हा निकरबॉकर हे टोपणनाव घेतलं होतं. पुढे तिथल्या जुन्या डच घराण्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले आणि मग गुडघ्यापर्यंतच्या विजारीलाही तेच नाव पडलं. आपण पोरांच्या अर्ध्या चड्डीला निकर म्हणतो ना? तो शब्दही त्याच घरचा!

आता ८ मे १९७०. अंतिम फेरी, समोर लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ, तीन-तीन अशी बरोबरी आणि सातवा सामना. सामना न्यूयॉर्कमध्येच होता, तरी शहरातल्या बहुतेक घरांत तो टीव्हीवर थेट दिसत नव्हता. तिकिटं खपावीत म्हणून घरच्या सामन्याचं प्रक्षेपण त्याच शहरात रोखायची तेव्हा पद्धत होती. मग लोक रेडिओला कान लावून बसले. निक्सचा कर्णधार विलिस रीड याच्या मांडीचा स्नायू पाचव्या सामन्यात फाटला होता, सहाव्यात तो खेळलाच नव्हता. सातव्याच्या आधी तो लंगडत मैदानात आला आणि सारं मैदान उठून उभं राहिलं. त्याने पहिले दोन चेंडू कड्यातून घातले. त्या दिवशी त्याचे गुण तेवढेच, चार. बाकीचं काम वॉल्ट फ्रेझियरने केलं, त्याचे ३६ गुण. निक्स ११३-९९ ने जिंकले. समालोचक मार्व्ह अल्बर्ट यांचा त्या दिवशीचा आवाज त्या पिढीच्या कानात कायमचा बसला. आपल्याकडे ज्यांच्या घरी क्रिकेटचं मराठी समालोचन लागायचं त्यांना बाळ ज. पंडित यांचा आवाज आठवत असेल. न पाहिलेलं मैदान कानांनी दिसायचं. तसंच ते.

१९७३ साली निक्सने पुन्हा करंडक जिंकला. त्यानंतर पंचवीस वर्षं उलटली तरी तो आला नाही. आणि गंमत अशी, की संघाशी असलेली निष्ठा सगळ्यात जास्त गाजली ती याच रिकाम्या वर्षांत. ती टिकवण्यात नव्या प्रकारच्या रेडिओचा मोठा वाटा होता.

१ जुलै १९८७ रोजी दुपारी तीन वाजता न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे केंद्र सुरू झालं. लोक त्याला नुसतं 'द फॅन' म्हणत, म्हणजे चाहता. त्याआधी त्या जागी गाण्यांचं केंद्र होतं. आता दिवसरात्र फक्त खेळाविषयी बोलणं. चोवीस तास कोण ऐकणार, म्हणून पुष्कळ जण हसले. पहिलं वर्ष तोट्यातच गेलं. पण केंद्र टिकलं, पुढच्याच वर्षी मोठी लहर मिळाली आणि त्याच्या बघून देशभर तशी केंद्रं निघाली.

त्याचं मर्म साधं होतं. निवेदक बोलणार आणि श्रोते फोन करणार. फोन करणाऱ्याने नाव आणि वस्ती सांगायची, बस. आडनाव, नोकरी, शिक्षण कुणी विचारत नसे. पुष्कळ जण सुरुवात एकाच वाक्याने करायचे, की पहिल्यांदाच फोन करतोय, पण ऐकतोय कितीतरी दिवसांपासून. आम्हाला हे वाक्य फार आवडतं. आमच्या गटात नवी बाई पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा तिचंही हेच म्हणणं असतं.

१९९४ च्या जूनमध्ये निक्स पुन्हा अंतिम फेरीत पोचले. समोर ह्यूस्टनचा रॉकेट्स संघ. पाच सामन्यांनंतर निक्स ३-२ ने पुढे. आणखी एक जिंकला की करंडक. जॉन स्टार्क्स हा निक्सचा लाडका खेळाडू. मोठा होण्याआधी त्याने दुकानात गिऱ्हाइकांचं सामान पिशवीत भरून देण्याचं काम केलेलं. सहाव्या सामन्यात त्याने २७ गुण केले. शेवटच्या क्षणी त्याने फेकलेला चेंडू गेला असता तर तिथेच विजय होता. पण हकीम ओलाजुवानच्या बोटांनी तो अडवला. ८६-८४, हार. मग सातवा सामना. स्टार्क्सने अठरा वेळा चेंडू फेकला आणि दोनदाच तो कड्यातून गेला. ९०-८४, पुन्हा हार.

अशा हरलेल्या रात्रीनंतर सकाळ उजाडते तेव्हा काय होतं? वर्तमानपत्र दोन मिनिटांत वाचून होतं. टीव्ही दुसऱ्या बातमीकडे वळतो. रेडिओवरचे फोन मात्र वाजत राहतात. प्रशिक्षक पॅट रायलींनी स्टार्क्सला बाहेर का बसवलं नाही, हा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. दुपारच्या कार्यक्रमात माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो ही जोडी १९८९ पासून २००८ पर्यंत असेच वाद झडवत होती. लोक चिडत, रडत, शिव्या घालत. पण बोलताना शब्द कोणता वापरत? 'आपण'. आपण हरलो. जिंकताना सगळेच आपण म्हणतात, जत्रेला हवशे, नवशे, गवशे सगळेच येतात. हरल्यावर जो 'ते हरले' न म्हणता 'आपण हरलो' म्हणतो, तो खरा त्या संघाचा. स्टार्क्सलाही त्या शहराने टाकलं नाही, अजूनही तो तिथे लाडकाच आहे. १९९९ साली निक्स आपल्या विभागात आठव्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून प्लेऑफमध्ये शिरले आणि थेट अंतिम फेरीत पोचले. तेव्हाही ते हरले आणि तेव्हाही फोन वाजतच राहिले.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ही निष्ठा फुकट नव्हती. जाहिरातदारांना पुरुष गिऱ्हाईक हवं होतं आणि केंद्र त्यांना ते मिळवून देत होतं. भांडण जितकं चढेल तितके कान जास्त. आणि 'आपण' म्हणणाऱ्यांत बायका किती? फार थोड्या.

तरी ऐका. त्या केंद्रावर १ जुलैला पहिला आवाज उमटला तो एका बाईचा. सुझन वॉल्डमन. आधी त्या संगीत नाटकांत काम करायच्या. खेळाच्या बातम्या बाई सांगते हे पुष्कळ पुरुषांना सहन झालं नाही. घाणेरडी पत्रं आली, धमक्या आल्या. खेळाडूंच्या खोलीत मुलाखतीला गेल्यावर अपमान झाले. त्या हटल्या नाहीत. निक्सच्या आणि यांकीज या बेसबॉल संघाच्या बातम्या वर्षानुवर्षं देत राहिल्या. २००५ पासून त्या यांकीजच्या रेडिओ समालोचनात बसल्या. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ सन्मान दालनात त्यांचं नाव लागलं. आम्हाला वाटतं, या गोष्टीतली सगळ्यात पक्की निष्ठा त्यांची. बाकीचे हरणाऱ्या संघाशी निष्ठा ठेवून होते. त्या निष्ठा ठेवून होत्या अशा घराशी, जिथे त्यांना बस म्हणणारेच कमी होते.

आमचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गावात काही जण म्हणाले होते, "आता बायका रेडिओवर भांडणार!" आम्ही गप्प बसलो होतो. आज म्हणू, हो, भांडणार. कारण भांडायलाही 'आपलं' काहीतरी असावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मसाला गटाची मिरची भिजली. माल गेला, कर्जाचा हप्ता थकला. पुढच्या बैठकीला अकरापैकी चौघी आल्या. त्या चौघींनी तीन तास नुसतं बोलून काढले. चूक कुणाची, ताडपत्री का नव्हती, आता पैसे कुठून. त्यातलं थोडं आम्ही रेडिओवर लावलं, त्यांना विचारूनच. त्यात "त्यांचा गट बुडाला" असं एकीनेही म्हटलं नव्हतं. "आपली मिरची गेली" असंच प्रत्येकीच्या तोंडात होतं. पुढच्या बैठकीला नऊ जणी आल्या. दोघी अजून आलेल्या नाहीत. हप्ता अजून पूर्ण फिटलेला नाही.

तर ताई, बोलून काय होतं, असं तुम्ही विचारलं होतं. बोलून मिरची परत येत नाही आणि करंडकही येत नाही. पण हरल्यानंतरची सकाळ एकटीने काढावी लागत नाही. आणि ज्या दोघी अजून आल्या नाहीत, त्या आत्ता हे ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगायचं आहे, बैठक नेहमीच्याच वारी आहे, नेहमीच्याच जागी. पहिल्यांदा बोलणार असलात तरी चालेल.