मोट, नाडा आणि बैलाचा खांदा

मोटेची धाव उताराचीच का असते, हा प्रश्न मी अप्लाइड मेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारायचो. धुळ्या-जळगावची पोरं, बहुतेकांच्या शेतात विहीर. तरी चारातल्या तिघांचं उत्तर ठरलेलं: ‘सर, पाणी पाटात जावं म्हणून.’ पाटाचा आणि धावेच्या उताराचा काही संबंध नाही. धाव विहिरीकडून दूर उतरत जाते, बैल तिच्यावरून खाली जातात आणि पाणी वर येतं. आमचे आबा पारोळा तालुक्यातल्या आमच्या शेतात तरुणपणी मोट हाकत. ते अहिराणीत सांगत, ‘बैल पानी वढत नही, बैल खाले उतरस.’ आबांची शाळा दुसरीपर्यंत झाली होती. मला हे वाक्य फळ्यावर सिद्ध करायला अर्धा तास लागायचा.

सिद्ध करू या. मोटेत दीडशे लिटर पाणी मावतं असं धरा. कातडं, कडं आणि भिजलेला नाडा मिळून आणखी वीसेक किलो, शिवाय चाकाचं घर्षण. म्हणजे नाड्यावर १८० किलोचा ताण. बैल मध्यम चणीचे, चारशे किलोचा एक, जोडी आठशेची. काम करणारा बैल तासन्‌तास ओढू शकतो ते आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकं. क्षणभर पुष्कळ जास्त ओढतो, पण दिवसभर नाही. म्हणजे जोडीची टिकाऊ ओढ ऐंशी किलो आणि मोट मागते १८०. सपाट जमिनीवर हे काम घातलं तर दुपारपर्यंत बैल बसतील. आता धावेला सहास एक उतार द्या. आठशे किलोच्या जोडीचं वजनच उताराच्या दिशेनं १३३ किलोची ओढ देतं. पायांनी लावायचा जोर उरला पन्नासच्या आत. मोट रिकामी करून बैल मागे चढतात तेव्हा त्यांना स्वतःचं वजन वर न्यावं लागतं, पण त्या वेळी नाड्याला ओझं नसतं. एका फेरीत एकदम पडणारा भार जाण्यायेण्यात वाटला गेला. फुकट काहीच मिळालं नाही, फक्त हप्ते पाडले. हा उतार कोणी काढला ते कुठेच नोंदलेलं नाही. गवंड्यानं बापाकडून घेतला आणि पोराला दिला.

दुसरी करामत सोंडेची. उत्तरेतल्या चरसाला विहिरीच्या काठावर पोतं पालथं करायला वेगळा माणूस लागतो. आपली मोट दोन तोंडांची. वरच्या रुंद तोंडाला लोखंडी कडं आणि जाड नाडा, तो उंचावरच्या चाकावरून जातो. खालच्या निमुळत्या सोंडेला बारीक सोंदर, तो विहिरीच्या काठालगतच्या आडव्या लाटेवरून जातो. दोन्ही दोर एकाच जुवाला बांधलेले. लांबी अशी जमवलेली असते की मोट वर येईपर्यंत सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीनं राहते आणि पाणी सांडत नाही. मोट काठाच्या वर गेली की सोंड मात्र लाटेपाशीच अडते, ओढली जाऊन बाहेर सरळ होते आणि सगळं पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, ओतते. ना झडप, ना खटका, ना दुसरा माणूस. दोन दोरांच्या लांबीतला फरक हीच झडप. अंदाज वीतभर चुकला तर एक तर अर्धं पाणी विहिरीतच सांडतं, नाहीतर सोंड लाटेत अडकून फाटते. भिजल्यावर दोर आखडतो, म्हणून आबा सकाळच्या पहिल्या चार-दोन फेऱ्यांनंतर सोंदराची गाठ पुन्हा बसवत.

आल्फ्रेड चॅटरटन या इंग्रज इंजिनिअरनं मद्रास इलाख्यात अशा देशी साधनांची रीतसर मोजमापं घेतली. पुढे १९१२मध्ये लिफ्ट इरिगेशनवरचं त्याचं पुस्तकही आलं. तो तेलाच्या इंजिनांचा पुरस्कर्ता, तरी देशी साधनांना हसण्याआधी त्यानं ती मोजली, याचं मला कौतुक आहे. आपल्याकडे ते करायला कोणाला सवड झाली नाही. साताऱ्याकडची लिंबची बारा मोटांची विहीर पाहायला सहली जातात, फोटो काढतात, पण धावेचा उतार किती, असं विचारणारा अजून मला भेटलेला नाही.

खानदेशात सगळीकडे मोटच होती असं मात्र नव्हे. धुळ्याच्या बाजूला पांझरा, बुराई, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाट काढायचे आणि फडाफडानं, म्हणजे शेतांच्या एकेका गटाला, पाणी द्यायचं, ही फड पद्धत काही शतकं जुनी. तिथे पाणी उचलायचंच नसे, उतारानं येऊ द्यायचं; पाटकरी आणि जागल्या ठरल्याप्रमाणे पाळी फिरवत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम याच पांझरेच्या एका पाटावरचं, ओढ्याखालून नळातून पाणी पलीकडे नेणाऱ्या सायफनचं. आमच्या कॉलेजात अभियंता दिनाला त्यांच्या फोटोला हार पडायचा. फड मी अभ्यासक्रमात कधी पाहिला नाही.

नदीपासून लांब, काळ्या मातीच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरींवर राज्य होतं ते मोटेचंच. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींनी मोटेवर कविता केली ती काही रम्य देखावा म्हणून नव्हे. त्यांच्या कानावर रोज तो चाकाचा करकराट होताच.

आता मोट कशाची बनायची ते बघा. चाक बाभळीचं, जू हलक्या पण चिवट लाकडाचं. पोतं म्हशीच्या किंवा बैलाच्या कातड्याचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. नाडा अंबाडीचा नाहीतर तागाचा. अंबाडी आमच्याकडे बांधाला लावत. पानांची भाजी, बोंडांची चटणी आणि ताट नदीच्या डोहात भिजत घालायचं. आठवडा-पंधरवड्यानं कुजकट वास सुटला की साल सोलून निघायची, धुऊन, आपटून तिचा वाख व्हायचा. सालीतले धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारं पेक्टिन पाण्यातले जिवाणू खातात आणि सेल्युलोजचा धागा मोकळा सोडतात. आज नैसर्गिक तंतूंच्या प्रयोगशाळांत एन्झाइमनं हेच काम तासांत करून घेण्याचे प्रयोग चालतात. डोहातले जिवाणू बिनपगारी होते, पण वासावरून शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. वाखाला पीळ देणं हे तिघांचं काम: दोघं टोकांना, तिसरा मध्ये लाकडी फिरकी धरून. तीन पेडांचा पीळ एकीकडचा आणि नाड्याचा उलटा, म्हणजे ताण आला की दोर सुटण्याऐवजी आवळतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

कातड्याबद्दल मात्र हळहळण्याआधी थांबायला हवं. मेलेलं ढोर ओढणं, सोलणं, कातडं कमावणं, मोट शिवणं ही कामं ज्यांच्या गळ्यात जातीनं घातली होती त्यांना त्याच विहिरीच्या पाण्याला हात लावायची बंदी होती. त्यांनी शिवलेल्या कातड्यातून पडणारं थारोळ्यातलं पाणी मात्र मालक, मालकाचे बैल आणि मालकाची केळी सगळ्यांना चालायचं. बलुतं म्हणून खळ्यावर मिळायचं तेही शेवटी, कणसं झोडून झाल्यावर. डॉ. आंबेडकरांनी १९२७च्या महाड परिषदेत मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं. पुढच्या काळात अनेक गावांनी ते काम टाकलं आणि मालक मंडळी कुरकुरली. मोटेच्या इंजिनिअरिंगचं मी वर एवढं कौतुक केलं, पण ही बाजू वगळून तिला ‘शाश्वत’ म्हणायला माझी तयारी नाही. कातडं पुन्हा मातीत जातं हे खरं. ते कोणाच्या हातून आलं हेही तितकंच खरं.

लोखंडी पत्र्याची मोट आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. ती सडत नव्हती, तिला उंदीर-कुत्री खात नव्हती. पण कातड्याची मोट खाली जाताना चपटी होऊन सरकते, पाण्याला टेकताच पसरून भरते. पत्र्याची आपटत जायची आणि विहिरीच्या चिऱ्यांवर ठोके द्यायची. शिवाय वाकणारी सोंड पत्र्याची करता येईना, म्हणून पोतं लोखंडाचं आणि सोंड चामड्याची असा संकर वर्षानुवर्षं चालला. मग ऑइल इंजिन, मग विजेची मोटर. जळगावात भवरलाल जैनांच्या कारखान्यात आधी पीव्हीसीचे पाइप आणि १९८०च्या दशकात ठिबकच्या नळ्या बनू लागल्या, तोवर मोटेची चाकं माळ्यावर गेली होती. आमचं चाक बंबात गेलं.

राहिला बैलाचा खांदा. मोट गेली तरी गाडी आणि वखर राहिले, त्यामुळे ही गोष्ट अजून संपलेली नाही. जू बसतं वशिंडाच्या पुढे, मानेवर. नाडा जुवापासून मागे आणि वर चाकाकडे जातो. म्हणजे तो जू मागे वशिंडावर दाबतो आणि वर उचलूही पाहतो. जू उचललं गेलं की जोतं, म्हणजे गळ्याखालचा पट्टा, गळ्याला आवळतं आणि बैल धापा टाकतो. मोटकरी धावेवर उतरताना उडी मारून नाड्यावर बसायचा ते केवळ पाय वाचवायला नव्हे. उतारावर त्याच्या साठ किलोची ओढ भरते जेमतेम दहा किलो, पण ताणलेल्या दोरावर आडवं वजन पडलं की दोराचा ताण एकदम वाढतो आणि जड मोट पाण्यातून सुटते. त्याचं बूड नाड्याला खाली धरतं, म्हणून जूही मानेवरच राहतं. हे माझं मत, आबांनी असं कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणत, ‘बसाले बरं वाटस.’

खांदा आलेल्या बैलाला, म्हणजे मानेवर सूज येऊन कातडं सोललेल्याला, हळद आणि तेल. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळण ही वर्षातून एकदाची रीत, पण तिच्यामागे वर्षभराची दुखापत आहे. सगळा भार पेलणारा जुवाचा स्पर्श हातभर लांबीचाही नसतो. लाकूड सरळ, मान गोल. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं आणि तिच्याबरोबरच्या केंद्रांनी पशुशक्तीवर बरंच काम केलं: जुवाचा टेकणारा भाग रुंद आणि मानेच्या आकाराचा केला, गादी लावली, तर तेवढ्याच ओढीला दाब कमी पडतो. २०२२मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीला जुवाखाली एक फिरतं चाक जोडलं, ‘सारथी’ नावाचं, म्हणजे मानेवरचं ओझं त्या चाकावर जाईल. चाळीसगावकडची किती कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात हे ठाऊक असलेल्याला या एका चाकाची किंमत कळेल. मला त्या पोरांचा हेवा वाटला. माझ्या कारकिर्दीत एकाही प्रोजेक्टला बैल नव्हता.

नाड्याची गोष्टही दुसऱ्या वाटेनं परत आली आहे. रावेर, यावल, चोपडा भागात घड कापल्यावर केळीचे खांब बांधावर पडून असतात. एक झाड एकदाच घड देतं, त्यामुळे दर हंगामाला हा ढीग नवा. त्यात धागा आहे हे नवीन नाही; सोपटानं फुलांच्या माळा आजही बांधतात. केळीचीच बहीण अबाका, फिलिपिन्सची. तिचे मनिला दोर एके काळी जगभरच्या जहाजांवर होते. मुंबईत माटुंग्याला १९२४मध्ये सुरू झालेली कापसाची प्रयोगशाळा, आजची सिरकॉट, हिनं कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड केलं आणि केळीच्या धाग्यावरही काम केलं. नवसारीच्या कृषी विद्यापीठानं खांबाचा कुठलाच भाग वाया जाऊ न देण्याचा ध्यास घेतला: धाग्याचं कापड आणि कागद, गाभ्याची कँडी, पिळून निघालेल्या रसाचं द्रवखत.

आमच्याकडे यंत्रं आली, काही चालली, काही गोठ्यात कोंबड्यांना बसायला उपयोगी पडली. कारण साधं आहे, पुन्हा मेकॅनिक्सचंच. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आणि हाती लागणारा सुका धागा वजनाच्या एखाद्या टक्क्याचा. दहा टन खांब ट्रॉलीत भरून पाच मैलांवरच्या यंत्राशी न्यायचे म्हणजे नऊ टन पाण्याचं भाडं भरायचं, आणि रस काढून झाल्यावर ते पाणी भलत्याच्या दारात. म्हणून यंत्र शेतात न्या, ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालवा, रस तिथेच पाटात सोडा, चोथा तिथेच कुजवा आणि फक्त धागा घरी आणा. रावेरकडचा माझा एक जुना विद्यार्थी सध्या असाच गाडा जुळवतो आहे. खांब रोलरमध्ये सरकवताना मजुराची बोटं आत जाऊ नयेत म्हणून तोंडाशी किती लांब नळकांडं ठेवायचं, यावर त्याचं आणि माझं फोनवर एकमत होत नाही. तो म्हणतो दीड फूट. मी म्हणतो दोन, आणि आत जाणाऱ्या हाताला कोपरापर्यंतची लांबी मोजून ये, मग बोलू.