विद्यापीठ कोणतं, हे कोण ठरवतं?

माझ्या बी.एस्सी.च्या पदवीपत्रावर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असं छापलेलं आहे. साल 1974, विषय रसायनशास्त्र. नव्वदच्या दशकात माझा पुतण्या त्याच कॉलेजातून, त्याच विषयात पास झाला, तर त्याच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ. दोघांनी एकाच प्रयोगशाळेत ब्युरेट धुतले. विद्यापीठ मात्र ना मी निवडलं ना त्याने.

आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, मासेमारी बंदरावरच्या वस्तीत, आता बारावीचा निकाल लागला की पोरं विचारायला येतात, "मामू, कुठलं विद्यापीठ चांगलं?" त्यांना मी आधी जुन्या गोष्टी ऐकवतो. निवडीपेक्षा वाट मोठी होती, हे त्यांना कळायला हवं.

1945 पूर्वी रत्नागिरीत कॉलेजच नव्हतं. सायन्स शिकायचं तर मुंबई, पुणे, नाहीतर कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. मुंबईला जायला आगबोट होती, पण कॉलेजं उघडायची जूनमध्ये आणि पावसाळ्यात बोट बंद! मग आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून आगगाडी धरायची. त्यासाठी पैसा लागे आणि मुंबईत कुणाकडे तरी पथारी टाकायची सोय लागे. खलाशाच्या घरात दोन्ही नसायचं. 1945 साली आमचं, आजचं गोगटे-जोगळेकर कॉलेज सुरू झालं आणि गावातला मुलगा घरचं जेवून पदवीधर होऊ लागला.

18 नोव्हेंबर 1962 रोजी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि रत्नागिरी जिल्हा त्याला जोडला गेला. मला विचाराल तर ते सोयीचं होतं. मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, कोल्हापूर सव्वाशे-दीडशे. मार्कशीटमध्ये काही घोळ झाला तर सकाळची एस.टी. धरायची, साखरपा, मलकापूर करत दुपारपर्यंत पोचायचं. पुढे जिल्हा मुंबई विद्यापीठाकडे गेला. मुंबईच्या नावाला वजन आहे म्हणून बरेच जण खूश झाले. माझ्या लेखी त्या वजनाचा निम्मा भाग नुसता अंतराचा होता.

मिरकरवाड्यापुरती खरी क्रांती झाली ती 1981 साली, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय निघालं तेव्हा. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, म्हणजे 1972 च्या विद्यापीठाचं. देवमाशाचा सांगाडा ठेवलेलं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र गावात होतंच, पण ते आम्ही शाळेच्या सहलीत बघायचो. आता मासळी हाच पदवीचा विषय झाला. माझे अब्बा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. ते हसले. "मासे धरायला कागद कशाला?"

मग एकदा जेट्टीवर लिलावाच्या वेळी शिरगावची मुलं आली. एक मुलगी लाकडी मोजपट्टीवर बांगडा ठेवून तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी लिहून घेत होती, पोट फाडून गाबोळी, म्हणजे अंडी, किती पिकली ते बघत होती. टोपलीवाली चाची वैतागली, "मोज गो लवकर, बर्फ चाललाय." पण अब्बा शेवटपर्यंत उभे राहिले आणि गाबोळी कोणत्या महिन्यात भरते ते त्यांनीच तिला सांगितलं. तिने ते वहीत टिपून घेतलं. त्यानंतर अब्बांचं हसणं बंद झालं.

या कॉलेजच्या डोक्यावरही विद्यापीठाची टांगती तलवार राहिलीच. पशू व मत्स्य शिक्षणासाठी नागपूरला 2000 साली वेगळं विद्यापीठ सुरू झालं आणि शिरगाव दापोलीचं की नागपूरचं, हा वाद बरीच वर्षं गाजला. समुद्र इथे आणि विद्यापीठ नागपुरात, हे माझ्या गळी काही उतरत नाही. कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ द्या, ही मागणीही जुनीच.

म्हणून पोरांना मी सांगतो, विद्यापीठाच्या नावावरून भांडू नका, ते तुमच्या डोक्यावरून बदलू शकतं. बी.एस्सी. तीन वर्षांची की मत्स्यशास्त्राची चार वर्षांची, एवढं ठरवा. शिरगावची प्रयोगशाळा एकदा आत जाऊन बघा, गोगटेची पण बघा. आणि धाकट्या भावंडांना सांगा, अकरावीत गणिताच्या नादाने जीवशास्त्र सोडू नका. त्याशिवाय शिरगावला प्रवेश नाही, आणि सीईटीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट बघत थांबत नाही.