दुसऱ्यांदा विचारण्याची रीत

पेशवाईच्या काळात पुण्याहून काशीस निघालेला सधन यात्रेकरू सगळी रोकड कमरेला बांधून वाटेस लागत नसे. वाट दूरची आणि चोर-लुटारूंचे भय जागोजागी. म्हणून तो आपली रक्कम पुण्यातील एखाद्या सावकाराच्या पेढीवर भरी, आणि काशीच्या पेढीवर लिहून दिलेली हुंडी तेवढी बरोबर घेई. कागदाच्या एका तुकड्यावर भरवसा ठेवून शेकडो कोसांवरच्या अनोळखी माणसाने हजार रुपये मोजून द्यावेत, हा व्यवहार वरवर पाहता मोठ्या धाडसाचा वाटतो. परंतु तो पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि पुणे, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, काशी अशा दूरदूरच्या बाजारपेठा त्याने एका सूत्रात बांधल्या. ह्या विश्वासाचे रहस्य हुंडीच्या मजकुरातच होते.

हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. हजार रुपये असे लिहिल्यावर त्याचे निम्मे पाचशे, आणि त्या निम्म्याची दुप्पट पुरी द्यावी, असा मजकूर असे. कोणी आकड्यापुढे एखादे शून्य वाढविले, तर निम्म्याचा आकडा त्याची चुगली करी. हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत मिळे, आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ नावाची तिसरी. ‘शाहाजोग’ हुंडीची रीत तर अधिक विचार करण्याजोगी आहे. तिचे पैसे वाटेल त्या धारकाच्या हातावर ठेवावयाचे नसत. बाजारात पत असलेल्या एखाद्या ‘शाहा’मार्फतच ते द्यावयाचे, आणि पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शाहाने रक्कम परत करावयाची, असा दंडक होता.

ह्या रिवाजाच्या बुडाशी दोन तत्त्वे होती. पहिले असे की, पैसा हातातून सुटण्यापूर्वी खातरजमा दोनदा व्हावयास हवी. दुसरे असे की, ती करण्याची जबाबदारी पेढीची आणि पतदार शाहाची. वाटेवरच्या यात्रेकरूची नव्हे. विश्वास आणि चौकशी ह्यांचे वैर आहे, असे त्या व्यापाऱ्यांना कधी वाटले नाही. चौकशी पक्की होती म्हणूनच विश्वास टिकला. पुढे व्यवहाराची साधने बदलत गेली, आणि ह्या दोन तत्त्वांचा विसर पडून ती पुन्हा मोठ्या किमतीने शिकावी लागली. दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीचा भारतातील इतिहास हा ह्या विस्मरणाचा आणि पुनःस्मरणाचा इतिहास आहे.

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ह्या शहरांत दूरध्वनीची विनिमय केंद्रे उघडली. हुंडीवर अक्षर होते, सही होती, ओळखीची वळणे होती. तारेवरून मात्र नुसता आवाज आला. त्याला ना चेहरा, ना शिक्का, ना जामीन. आवाज कानाशी इतका जवळ येतो की, बोलणारा माणूस समोरच उभा आहे असे मनास वाटू लागते. जे ऐकू आले ते खरेच असणार, ही समजूत पुढच्या सगळ्या फसवणुकीची जननी ठरली.

ह्याचा सर्वांत गाजलेला दाखला दिल्लीतील आहे. २४ मे १९७१ रोजी स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील शाखेत मुख्य रोखपालाच्या टेबलावरचा फोन वाजला. प्रथम पंतप्रधानांचे सचिव बोलत असल्याचे सांगण्यात आले, आणि मग खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांचा म्हणून एक आवाज ऐकू आला. बांगलादेशाच्या एका गुप्त कामासाठी साठ लाख रुपये तातडीने हवे आहेत, अमुक ठिकाणी एक मनुष्य भेटेल, तो खुणेचा शब्द सांगेल, रक्कम त्याच्या स्वाधीन करावी आणि पावती पंतप्रधानांच्या निवासस्थानाहून न्यावी, असा आदेश होता. रोखपालाने बँकेच्या मोटारीतून रक्कम नेली, खूण पटली, पैसे दिले, आणि पावतीसाठी तो निवासस्थानी गेला. तेथे असा कोणताही फोन केला नसल्याचे त्याला समजले.

रुस्तुम सोहराब नगरवाला नावाच्या माजी सेनाधिकाऱ्यास पोलिसांनी त्याच दिवशी पकडले, आणि बहुतेक सर्व रक्कम हाती लागली. पंतप्रधानांच्या आवाजाची नक्कल आपणच केली, अशी कबुली त्याने दिली, आणि काही दिवसांतच त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९७२ मध्ये तो कैदेत असतानाच मरण पावला. १९७७ साली न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी ह्यांचा चौकशी आयोग नेमला गेला, तरी ह्या प्रकरणातील कित्येक शंका कायमच राहिल्या. राजकारणातील त्या शंका बाजूस ठेवल्या, तरी एक गोष्ट लख्ख दिसते. येथे दुसऱ्यांदा विचारणे झाले. परंतु ते पैसे गेल्यानंतर झाले. अधिकाराचा आवाज, गुप्ततेची आज्ञा आणि तातडीचे कारण ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि पेढीवरील कोणत्याही मुनिमाला सुचला असता तो साधा प्रश्न एका मोठ्या बँकेत वेळेवर उच्चारला गेला नाही.

हे फसवणुकीच्या नाट्यमय रूपाचे झाले. तिचे दुसरे रूप शांत आणि घरगुती होते, आणि ते दूरध्वनीच्या बिलातून घरात येत असे. जुन्या काळी परगावचा फोन ‘ट्रंक कॉल’ म्हणून नोंदवावा लागे. विनिमय केंद्रातील बाई कोणास, कोठे आणि किती मिनिटे ह्याची चिठ्ठी करीत, आणि वाद उद्भवल्यास ती चिठ्ठी साक्षीला असे. नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ ह्यांच्या दरम्यान ग्राहकाने स्वतःच क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली. एस.टी.डी. ह्या नावाने ती पुढे घरोघर परिचित झाली. सोय मोठी, पण साक्षीची चिठ्ठी त्या सोयीबरोबर गेली. मीटरचा आकडा किती पुढे सरकला एवढेच बिल सांगू लागले. कोणी कोणास फोन केला, हे मीटरला सांगता येत नव्हते. आपल्या वायरीवरून भलताच कोणी बोलत असेल, ही शंका ग्राहकांना छळी. डायलच्या भोकात अडकवावयाचे चिमुकले कुलूप त्या काळी पुष्कळ घरांत दिसे. ते कुलूप घरातल्या नोकराला किंवा शेजाऱ्याला अडवी. रस्त्यावरच्या खांबाशी तार जोडणाऱ्याला ते अडवू शकत नव्हते.

अवाच्या सवा बिल आले म्हणजे दाद कोठे मागावयाची, हाही प्रश्नच होता. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ७ ब अन्वये असे वाद सरकारने नेमलेल्या लवादापुढे जात, आणि लवादाचा निर्णय अखेरचा मानला जाई. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, तेव्हा सामान्य माणसास एक नवे दार उघडले असे वाटले. परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचीच वाट ग्राह्य धरली, आणि दूरध्वनीच्या तक्रारींना ग्राहक मंचाचे दार बंद झाले. ते पुन्हा निःसंदिग्धपणे उघडण्यास फेब्रुवारी २०२२ उजाडावे लागले. लवादाची तरतूद असली तरी ग्राहकाचा मंचाकडे जाण्याचा हक्क नाहीसा होत नाही, असा निर्णय त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने दिला. हुंडीच्या काळी पुरावा देण्याचे ओझे पेढीवर होते; मीटरच्या काळी ते निमूटपणे यात्रेकरूच्या पाठीवर येऊन पडले होते.

मोबाईल आला तेव्हा बिलातील चोरीने आणखी सूक्ष्म रूप घेतले. आगाऊ पैसे भरून फोन वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या हातात बिलाचा कागद पडतच नसे. भरलेले रुपये आतल्या आत वितळत. गाण्याची धून, राशिभविष्य, क्रिकेटची धावसंख्या, विनोद अशा किरकोळ सेवा एखादे बटन चुकून दाबल्याने, किंवा मुळीच न दाबता, सुरू होत, आणि दरमहा काही रुपये कापले जात. रक्कम इतकी लहान की तिच्यासाठी कोणी भांडत बसू नये. लुटीचे गणित नेमके त्यावरच उभे होते. एकाचे दहा-वीस रुपये ही क्षुल्लक बाब; लक्षावधींचे दहा-वीस रुपये ही मोठी दौलत.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ह्यावर जो उपाय योजला तो जुन्या पेढीची आठवण करून देणारा होता. जुलै २०११ मध्ये असा निर्देश निघाला की, सेवा सुरू झाल्यावर ग्राहकाकडून तिला दुजोरा घ्यावा, आणि तो मिळाला तरच पैसे आकारावेत. नको असलेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा विनामूल्य क्रमांक देण्यात आला. जुलै २०१३ मध्ये हा नियम अधिक कडक झाला. ग्राहकाची एक संमती पुरेशी नाही. दुसरी संमतीही घ्यावी, आणि ती सेवा विकणाऱ्याने न घेता त्याच्याहून वेगळ्या यंत्रणेने घ्यावी, असे ठरले. हजाराचे निम्मे पाचशे लिहिणाऱ्या मुनिमाचीच ही बुद्धी होती. विकणाऱ्याच्या शब्दाची खातरजमा तिऱ्हाइताने करावयाची, हा शाहाचा जुना धर्म यंत्राच्या वेषात परत आला होता.

बँकांच्या व्यवहारातही ह्याच सुमारास हीच सुधारणा झाली. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्डाच्या व्यवहारास दुसरी खूण आवश्यक केली, आणि पुढे ती फोनवर येणाऱ्या एकवार वापराच्या अंकांच्या, म्हणजे ‘ओटीपी’च्या, रूपाने सर्वतोमुखी झाली. त्यावर चोरांनी काढलेली युक्ती विलक्षण होती. कुलूप फोडण्याऐवजी त्यांनी किल्ली मालकाकडूनच मागून घेतली. झारखंडातील जामताऱ्याचे नाव ह्याच धंद्यामुळे देशभर झाले. ‘बँकेतून बोलतो आहे, तुमचे कार्ड बंद होणार आहे, आलेले अंक सांगा,’ एवढ्या वाक्यावर लोकांची खाती रिकामी होऊ लागली. पेढीने विचारावयाचा दुसरा प्रश्न आता चोरच विचारू लागला होता.

जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये. आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असावा, असा नियम झाला. पेढीची जबाबदारी पेढीकडे परत आली. परंतु गुप्त अंक ग्राहकाने स्वतः सांगितले असतील, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच, असेही त्या नियमांनी ठरविले होते. नेमक्या ह्याच फटीतून अलीकडची सर्वांत क्रूर फसवणूक आत शिरली.

तिला ‘डिजिटल अरेस्ट’ असे नाव पडले. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या नावावरील सिमकार्ड गुन्ह्यात वापरले गेले, असा फोन येतो. मग चित्रफोनवर गणवेशधारी ‘अधिकारी’ दिसतो, त्याच्यामागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो. कॅमेरा बंद करू नका, घरात कोणास सांगू नका, चौकशीसाठी सर्व रक्कम अमुक खात्यात ठेवा, निर्दोष ठरल्यावर ती परत मिळेल, असे सांगितले जाते. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेत हयात घालविलेली माणसे अशा आवाजापुढे तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, आपल्याच घरात कैदी झाली, आणि जन्माची पुंजी आपल्याच हाताने पाठवून बसली. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ह्याच फसवणुकीविषयी देशाला सावध केले. थांबावे, विचार करावा आणि मगच पाऊल उचलावे, असा त्या सल्ल्याचा आशय होता. फोनवरून किंवा चित्रफोनवरून अटक करण्याची तरतूद भारतातील कोणत्याही कायद्यात नाही.

१९७१ चा तो फोन आणि हे फोन ह्यांच्यात अर्धशतकाचे अंतर आहे. पण आवाज अधिकाराचा, काम गुप्त आणि वेळ थोडी, ही त्रिसूत्री जशीच्या तशी आहे. ह्या तिन्हींचे प्रयोजन एकच असते : दुसऱ्यांदा विचारावयास सवड मिळू नये. ‘कोणास सांगू नका’ ह्या शब्दांनी शाहा दूर होतो, आणि ‘आताच्या आता’ ह्या शब्दांनी मुनीम गप्प बसतो. म्हणून असा फोन ठेवून देणे, आणि पोलीस ठाण्याचा किंवा बँकेचा ठाऊक असलेला क्रमांक आपल्या हाताने फिरवून विचारणे, ह्यात भित्रेपणा नाही की उद्धटपणाही नाही. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसण्यासारखी दुसरी हानी नाही. २०२१ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा फसवणुकीसाठी मदतक्रमांक सुरू केला. पुढे त्याला १९३० हा क्रमांक मिळाला. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या भाडोत्री खात्यात सरकण्यापूर्वी तेथे कळविले, तर ती वाटेत अडविता येते. येथे तासांचे नव्हे, मिनिटांचे मोल असते.

मात्र सगळा शहाणपणा एकट्या नागरिकाने दाखवावा, आणि चुकला तर त्यानेच भोगावे, हा न्याय जुन्या सावकारांनाही पटला नसता. अनोळखी धारक हुंडी घेऊन आला म्हणजे पेढीवरचा मुनीम त्याला आदराने बसवी, पाणी देई, आणि मग बाजारातील पतदार माणसास बोलावणे धाडी. पैसे मिळावयास त्या दिवशी थोडा उशीर होई. त्या उशिराबद्दल पेढीची पत कधी कमी झाली नाही.