गावाबाहेरचे बेळगाव

टिळकवाडीत दोन-तीन पिढ्या काढलेले कुटुंबही गणपत गल्लीत खरेदीला निघाले की 'गावात जाऊन येतो' असे सांगून घराबाहेर पडते. शहापूर, वडगाव, अनगोळ येथील मंडळींच्या तोंडीही हेच शब्द असतात. महापालिकेच्या हिशेबी ही सारी वस्ती बेळगावच आहे आणि टपालावरही बेळगाव हेच नाव येते. तरीही बोलण्यातले 'गाव' म्हणजे पूर्वेचा किल्ला आणि पश्चिमेची छावणी यांच्यामध्ये दाटीने वसलेले जुने बेळगाव, आणि बोलणारा आपण त्याच्या बाहेर राहतो असे धरून चालतो. या एका शब्दात शंभर-सव्वाशे वर्षांचे स्थलांतर साठलेले आहे.

शहर सोडून शहराजवळच बिऱ्हाड करायचे आणि पोटापाण्यासाठी, शाळेसाठी, पुस्तकासाठी रोज शहरात यायचे, ही रीत महाराष्ट्राला प्रामुख्याने मुंबईने शिकवली. गिरगावातून दादर-पार्ल्याला आणि तेथून पुढे डोंबिवली-कल्याणला गेलेल्या मराठी कुटुंबांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बेळगावकरांचे असे स्थलांतर त्या मानाने लहान, फार तर मैल-दोन मैलांचे. म्हणूनच बहुधा त्याची दखल घ्यावी असे कोणास वाटले नाही. पण मुंबईकर चाळीस-पन्नास किलोमीटर दूर गेला तरी त्याचे राज्य बदलत नव्हते. आमच्याकडे मैलभर गेले की राजा बदलत असे.

हे अक्षरशः खरे आहे. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि गावाच्या पश्चिमेस लष्करी छावणी उभी राहिली. किल्ला आणि छावणी या दोन्ही बाजूंना लष्कराची सत्ता असल्यामुळे गावाला पसरण्यास वाव उरला तो उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे. दक्षिणेस लगेच शहापूर लागे. विणकरांचे, सराफांचे आणि व्यापाऱ्यांचे हे भरभराटलेले गाव सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते. त्याला लागून असलेले वडगाव-माधवपूर कुरुंदवाड संस्थानाकडे. म्हणजे मारुती गल्लीतला मनुष्य इंग्रजांच्या मुलखात निजत असे, आणि कपिलेश्वराच्या देवळापलीकडे थोडे चालून गेला की तो सांगलीकरांच्या अमलात पोहोचत असे. बाजार एक, नातीगोती एक, शहापुरी लुगडे नेसणाऱ्या बायका दोन्हीकडच्या. पण कर, कचेरी आणि न्याय मात्र वेगळा. छावणीत राहायचे तर जमीन सरकारची आणि तिच्यावरचा बंगला तेवढा आपला, असा प्रकार. मोकळ्या हवेत घर बांधू पाहणाऱ्या बेळगावकरापुढे घरापेक्षाही कोणाच्या हद्दीत राहावे हा प्रश्न आधी येत असे.

गाव सोडण्याची पहिली मोठी वेळ मात्र कोणी हौसेने आणली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि दीड-दोन वर्षांतच बेळगाव-धारवाड भागाला त्याने ग्रासले. त्यानंतर कित्येक वर्षे ही साथ पुनःपुन्हा येत राहिली. घरात उंदीर पडू लागले की माणसे भांडीकुंडी, अंथरुणे आणि देव बरोबर घेऊन माळावर वा शेतात झोपड्या बांधून राहत. घरांची कौले काढून आत ऊन पाडले जाई. साथ ओसरली की पुन्हा घरी परतणे. दिवसा गावाच्या वेशीपर्यंत येऊन कामधंदा उरकायचा आणि दिवेलागणीला झोपडीत परतायचे, हा दिनक्रम त्या पिढीच्या अंगवळणी पडला. रोजच्या येण्याजाण्याची बेळगावकरांची पहिली शाळा ती हीच, असे माझे मत आहे. मोकळ्या जागेत माणूस जगतो आणि दाट गल्लीत मरतो, ही गोष्ट त्या वर्षांनी मनावर अशी कोरली की पुढे साथ नसतानाही लोकांना मोकळी जागा हवीशी वाटू लागली.

१९०१ च्या खानेसुमारीत छावणी धरून बेळगावची लोकसंख्या सुमारे ३७ हजार होती. २०११ साली शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार झाली. या वाढीचा मोठा भाग जुन्या गल्ल्यांबाहेर वसला हे सांगावयास नकोच. तेथे आणखी माणसे मावणार तरी कोठे? पण प्रारंभी बाहेर कोण गेले हे पाहण्यासारखे आहे. ज्याचे दुकान तळमजल्यावर आणि बिऱ्हाड माडीवर होते, ज्याची भट्टी किंवा माग घरातच होता, त्याला गाव सोडून चालण्यासारखे नव्हते. गेला तो वकील, शिक्षक, कारकून आणि सेवानिवृत्त. ज्याचे काम घराबाहेर होते त्यालाच घर कामापासून दूर नेता आले. त्यात बेळगावची थंड हवा. 'गरिबांचे महाबळेश्वर' हे बिरुद या गावाला उगीच मिळालेले नाही. निवृत्तिवेतनावर शांतपणे दिवस काढण्यासाठी परगावचे लोकही येथे येऊन स्थायिक झाले. बंगलीपुढे चार आंब्याची झाडे, मागे विहीर आणि परसात फणस, असे घर गणपत गल्लीत होणे शक्य नव्हते.

ही मंडळी गेली ती मुख्यतः टिळकवाडीत. या भागाचे जुने नाव ठळकवाडी. ते येथील एका शाळेच्या नावात आजही टिकून आहे. लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीगची स्थापना बेळगावातच केली. पुढे १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच परिसरात. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने मोकळ्या माळावर 'विजयनगर' उभे राहिले. त्या वेळी खोदलेली विहीर आजही दाखवली जाते, आणि रस्त्याचे नाव काँग्रेस रोड असे पडले ते कायमचे. जुन्या गावाची आणि या नव्या वस्तीची ओळख नावांवरूनच पटते. गावात भांदूर गल्ली, नार्वेकर गल्ली, मुजावर गल्ली, रामदेव गल्ली. म्हणजे कुळांची, धंद्यांची आणि देवांची नावे. टिळकवाडीत आगरकर रोड, रानडे रोड. गल्लीला पंच असतात, तालीम असते, गणपती असतो. रोडला यांपैकी काही नसते, फक्त घरांचे क्रमांक असतात. येथे राहायला आलेल्याने कुळाच्या आणि गल्लीच्या बेळगावातून निघून पुढाऱ्यांच्या आणि विचारांच्या बेळगावात घर केले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय याच भागात सुरू झाले. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ तेथे अध्यापन केले, हे तर प्रत्येक बेळगावकर अभिमानाने सांगतोच.

मात्र या स्वच्छ, ऐसपैस वस्तीला एक जन्मखूण होती: रेल्वे. मीटरगेजचा लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या अखेरीस बेळगावात आला आणि गावाच्या दक्षिण अंगाला कुंपणासारखा पसरला. शहापूर-टिळकवाडीकडून गावात यायचे तर रूळ ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. टिळकवाडीत तर पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, तिसरे रेल्वे गेट ही ठिकाणांची नावेच होऊन बसली. 'कोठे राहता?' या प्रश्नाला 'दुसऱ्या गेटजवळ' हे पुरेसे उत्तर असे. गेट पडले की सायकली, टांगे, पुढे स्कूटरी आणि रिक्षा दोन्ही अंगांना थांबत; गाडी जाईपर्यंत तेथे एक छोटी सभाच भरे. कचेरीला उशीर झाल्याचे कारण म्हणून 'गेट पडले होते' हे वाक्य इतके वापरले गेले की खरे असले तरी साहेब ते ऐकून घेत नसत. अलीकडे कपिलेश्वराजवळ आणि तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाले, आणि ती सभा मोडली.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेकडील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. शहापूर आणि वडगाव ही तेव्हा प्रथमच बेळगावच्याच राज्यात आली. पिढ्यान्पिढ्यांची सीमा पुसली गेली म्हणून लोकांनी निःश्वास सोडला असेल. पण पुरती नऊ वर्षेही गेली नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घालण्यात आला. या निर्णयावरील अन्यायाची भावना आणि त्यापुढील लढा यांविषयी वाचकांना वेगळे सांगावयास नको. येथे एवढेच पाहावयाचे आहे की घर आणि काम यांच्यामध्ये रोज ये-जा करणाऱ्याच्या वाट्याला त्यातून काय आले.

चंदगडचे उदाहरण बोलके आहे. चंदगडकराचा बाजार, दवाखाना, महाविद्यालय, मुलीचे सासर, सारे बेळगावात. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर. १९५६ नंतर त्याचे जिल्ह्याचे ठिकाण झाले शंभराहून अधिक किलोमीटरांवरचे कोल्हापूर. कागदासाठी कोल्हापूर आणि पोटासाठी बेळगाव, अशी त्याच्या आयुष्याची वाटणी झाली ती आजतागायत. सीमेलगतचे शिनोळी बेळगावपासून पंधरा किलोमीटरांच्या आत आहे, तेथे कारखानेही उभे राहिले. तेव्हापासून बेळगाव सोडून बाहेर कामास जाणारा उलटा प्रवाहही सुरू झाला. एकाच रस्त्यावर सकाळी दोन्ही दिशांनी मराठी माणसेच ये-जा करतात, मात्र त्यांची शिधापत्रिका दोन वेगळ्या राज्यांची असते.

निपाणीची कथा याहून निराळी. हे तंबाखूचे आणि विड्यांचे शहर ब्रिटिश बेळगाव जिल्ह्यात होते आणि शेजारचे कागल कोल्हापूर संस्थानाच्या छत्राखाली. बेळगाव निपाणीपासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. साहजिकच निपाणीकराचा ओढा उत्तरेकडे. येथील देवचंद महाविद्यालय तर निपाणीकरांचे म्हणूनच ओळखले जाते, पण ते उभे आहे अर्जुननगरला, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, म्हणजे महाराष्ट्रात. आणि ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. कर्नाटकात झोपून उठलेला विद्यार्थी पायी वा सायकलने महाराष्ट्रात शिकायला जातो आणि दुपारी जेवायला कर्नाटकात परततो. मराठीतून महाविद्यालयीन शिक्षणाची सोय हवी तर ती रेषेच्या त्या बाजूस बांधावी, हा विचार ज्यांना सुचला त्यांच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक केले पाहिजे. सीमाप्रश्नावर निघालेल्या कित्येक ठरावांपेक्षा या एका इमारतीने निपाणी भागाचे अधिक काम केले आहे.

राहिले खानापूर. बेळगावच्या दक्षिणेस सुमारे सव्वीस किलोमीटरांवरचे हे गाव रेल्वेने जोडलेले. मध्ये देसूर आणि इदलहोंड ही स्थानके, पुढे गुंजी आणि लोंढा. खऱ्या अर्थाने पासावर नोकरी करणारा वर्ग आपल्या भागात कोठे घडला असेल तर तो या मार्गावर. बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहत वाढली ती खानापूर रस्त्यालाच. बेळगावातील भाडे न परवडणारा कामगार तालुक्यातले घर व शेत न सोडता रोज कामावर येऊ लागला. १९९० च्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. खानापूर मुंबईच्या अर्थाने उपनगर कधीच झाले नाही, आणि ते बरेच झाले. येथला मनुष्य सुगीला रजा घेतो, त्यावरून मालक कुरकुरतो, पण दोघांचेही चालते. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, असे सुचवले होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. तो अमलात आला असता तर सकाळच्या गाडीचा हा पासधारक रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला आला असता. शहर एका बाजूस आणि त्याचा कामकरी दुसऱ्या बाजूस ठेवणारी ही वाटणी कागदावर कितीही नेटकी दिसली, तरी देसूरच्या फलाटावर ती कोणाला समजावून सांगता आली नसती.

रेषेचा काच एरवी जाणवत नाही, तो अडचणीच्या वेळी जाणवतो. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या. पुढच्या वर्षीही कोगनोळी आणि शिनोळीच्या बाजूस तपासणी नाकी होती. रोज ये-जा करणाऱ्याला स्वतःच्या कामावर जाण्यासाठी परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला दाखवावा लागला. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद भडकला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या. प्लेगच्या काळी माळावर राहणाऱ्यांना गावाच्या वेशीशी अडवले जाई. सव्वाशे वर्षांनी वेस हलून शिनोळीला गेली होती.

या सगळ्या हालचालीची नोंद कोणत्याही दप्तरात एकत्र मिळत नाही. खानेसुमारी माणसे मोजते, ती कोठून कोठे राहायला गेली हे सांगत नाही. एक साधन मात्र आपल्या हाताशी आहे आणि त्याच्याकडे अजून कोणी या दृष्टीने पाहिलेले नाही: जुन्या वाचनालयांच्या सभासद-नोंदवह्या. त्यांत नावापुढे पत्त्याचा रकाना असतो. तोच सभासद, तेच आडनाव; पत्ता मात्र आधी गल्लीचा, मग पेठेचा, मग एखाद्या कॉलनीचा. बाप गावात राहणारा, मुलगा दुसऱ्या गेटजवळ, नातू खानापूर रस्त्याला, आणि वर्गणी तिघांचीही चालू. अशा वह्या जागेच्या अडचणीपायी किंवा वाळवीमुळे नाहीशा होतात. शताब्दीच्या निमित्ताने इतर खर्चांबरोबर त्यांच्या बांधणीसाठीही काही रक्कम बाजूस काढली जावी, अशी चालकांना विनंती आहे. जुन्या वह्या आधी घ्याव्यात. त्यांची शाई फिकट होत चालली असणार.