पूर्वरूप ते परिणाम : चित्तविकृतीच्या भाकिताचा इतिहास आणि मराठवाडा

१

रोग कोणता, या प्रश्नापाठोपाठ रोगी बरा होईल काय, हा प्रश्न येतोच. भारतीय वैद्यकाने या दुसऱ्या प्रश्नासाठी स्वतंत्र परिभाषा घडविली होती. रोगज्ञानाच्या पाच साधनांत ‘पूर्वरूप’ हे एक मानलेले असून रोग पुरता प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे, असा त्याचा अर्थ आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचीही अशी पूर्वरूपे सांगितली आहेत. परिणामाच्या दृष्टीने रोगांचे साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व असाध्य असे भेद केले जात. त्यांपैकी ‘याप्य’ ही कोटी विशेष लक्षणीय होय. समूळ न जाणारा, परंतु उपचाराने आटोक्यात राहणारा रोग तो याप्य. बरा आणि न बरा या दोन टोकांमध्ये बहुसंख्य रोग्यांचे आयुष्य जाते, ही जाणीव त्या एका शब्दात साठविलेली आहे.

युरोपीय मनोवैद्यकात ही मधली कोटी दीर्घकाळ दुर्बल राहिली. एमिल क्रेपेलिन याने १८९९ साली आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत चित्तविकृतींची जी मांडणी स्थिर केली, तिचा पाया रोगाचा क्रम व शेवट हा होता. ज्या विकाराचा शेवट बुद्धिक्षयात होतो तो एक, आणि जो येऊन ओसरतो तो दुसरा. येथे परिणाम हाच निदानाचा निकष झाल्यामुळे भाकीत जवळजवळ नावातच सामावले गेले. १९११ साली ब्लॉयलर याने नाव बदलून ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द रूढ केला. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ हा त्याचा शब्दशः अनुवाद झाला. पण जुन्या नावाची निराशा नव्या नावालाही चिकटून राहिली.

२

नावाऐवजी मेंदूलाच विचारावे, ही आकांक्षा येना येथील मनोवैद्य हान्स बर्गर याच्या कार्यातून साकार होऊ लागली. त्याने १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला. आज रुग्णालयांत ‘ईईजी’ म्हणून परिचित असलेली तपासणी ती हीच. एका ध्वनीला मेंदू जो प्रतिसाद देतो तो इतर विद्युत्-हालचालींत बुडून जातो. तोच ध्वनी शेकडो वेळा ऐकवून सरासरी काढल्यावर तो वर येतो. १९६५ साली सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटणारा ‘पी-३००’ हा तरंग वर्णिला गेला. १९७८ साली फिनलंडच्या नेटॅनन याने एकसुरी ध्वनींच्या मालिकेत वेगळा ध्वनी आला असता, ऐकणाऱ्याचे लक्ष नसतानाही उमटणारा ‘विसंगती-तरंग’ दाखवून दिला.

हा दुसरा तरंग छिन्नमनस्कतेत क्षीण असतो, हे १९९१ पासूनच्या अभ्यासांनी पुढे आणले. त्यानंतरचा प्रश्न अधिक धाडसाचा होता. विकार प्रकट होण्यापूर्वीच तो क्षीण असतो काय? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, ज्यांना पुढे चित्तविकृती झाली त्यांचा ध्वनीच्या कालमानातील फरकाला मिळणारा प्रतिसाद आधीपासूनच मंद असल्याचे आढळले. पूर्वरूपाचा शोध आता मायक्रोव्होल्टांत होऊ लागला.

परंतु सरासरी समूहाची असते, रोगी एकटा असतो. धोक्याच्या अवस्थेतील तरुणांच्या अनेक अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०१२ साली निघाला, त्यात तीन वर्षांत चित्तविकृती प्रकट होण्याचे प्रमाण सुमारे ३६ टक्के दिसले. म्हणजे ज्यांच्याविषयी भय व्यक्त केले गेले त्यांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत ते त्या मुदतीत खरे ठरले नाही.

३

भाषाशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. विसंगती-तरंग हा भाषानिरपेक्ष मानण्याचा मोह होतो. पण १९९७ साली फिन्निश व एस्टोनियन भाषकांवर झालेल्या प्रयोगांनी, स्वर मातृभाषेतला असेल तर तो तरंग वाढतो, हे सिद्ध केले. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ यांतील तालव्य व दंततालव्य ज हा भेद मराठी कानाला अर्थभेद आहे. परभाषकाच्या कानाला तो असेलच असे नाही. सबब उच्चारित ध्वनींवर आधारलेले प्रमाण एका भाषिक समाजात ठरवून दुसऱ्यास लावणे सयुक्तिक होणार नाही. शुद्ध नादांच्या कसोटीतही स्थानिक निरोगी समूहाशी तुलना आवश्यकच राहते.

परिणामाच्या बाबतीत तर देशभेद अधिकच ठळक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६६ च्या सुमारास आरंभिलेल्या पाहणीत नऊ देशांतील १,२०२ रोगी होते आणि आग्रा हे त्यांतील एक केंद्र होते. दोन वर्षांनंतर आग्रा व इबादान येथील रोग्यांची स्थिती अनेक पाश्चात्त्य केंद्रांहून चांगली आढळली. पुढे, २००८ साली, या निष्कर्षाच्या सरसकट स्वीकारावर साधार आक्षेप घेतले गेले. तथापि, शेवट ठरलेलाच आहे ही क्रेपेलिनची धारणा त्यापूर्वीच डळमळली होती.

४

या इतिहासाच्या कक्षेत मराठवाडा कोठे येतो? छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावरील बिडकीन हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचे मनोरुग्णालय मराठवाड्यातच, जालन्यास होते. १९५३ च्या सुमारास ते हैदराबादेस हलविण्यात आले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हैदराबाद परराज्यात गेले. १९६० साली महाराष्ट्र स्थापन झाला, तेव्हा राज्याची मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे होती. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हते. औरंगाबादेस १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, हा काय तो आधार.

या घटनेचा भाकिताशी संबंध दूरान्वयाचा नाही. पहिली लक्षणे दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका काळ अधिक लोटतो, तितका परिणाम वाईट होण्याचा संभव वाढतो, हे २००५ मधील आढाव्यांनी दाखविले आहे. तेव्हा बिडकीनच्या रोग्यापुरते बोलावयाचे तर रुग्णालयाचे अंतर हेही एक पूर्वचिन्हच होय. आणि मेंदूतील तरंगापेक्षा ते बदलणे पुष्कळच मानवी हातात आहे.

शेवटी, भाकीत कशाचे करावयाचे, हाही प्रश्न उरतो. अभ्यासक लक्षणांच्या गुणांकाने परिणाम मोजतात. मराठी कुटुंब मात्र ‘गुण आला’ एवढ्यावर थांबत नाही. ते ‘माणसांत आला’ असे म्हणते. या वाक्प्रचारात रोग्याचे बोलणे, काम, घरातले स्थान आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला पुन्हा आपल्यात घेणे, हे सारे येते. त्यातील अर्धा भाग रोग्याच्या मेंदूत नसून भोवतालच्या माणसांत असतो. मेंदूचा आलेख पहिल्या अर्ध्याविषयी काही सांगू लागला आहे, आणि ही प्रगती थोडी नव्हे. दुसऱ्या अर्ध्याचे प्रमाण मात्र त्या त्या समाजात, त्याच्याच भाषेत शोधावे लागेल. ते हाती येईपर्यंत ‘असाध्य’ हा शब्द उच्चारण्याची घाई कोणत्याही यंत्राच्या आधारे करणे इतिहासाला धरून होणार नाही.