पुरामृदा

पुरामृदा : पूर्वीच्या भूपृष्ठावर अपक्षयाने तयार झालेली आणि पुढे गाळ, राख किंवा लाव्हा यांखाली गाडली जाऊन खडकांच्या थरांत टिकून राहिलेली मृदा. मुळांच्या खुणा, संस्तर (मृदेतील थर) आणि चुनखडीचे गोटे यांवरून ती ओळखतात. वरची सीमा रेखीव आणि खालची सीमा मूळ खडकात हळूहळू विरत जाणारी, ही क्षेत्रनिरीक्षणातील पहिली कसोटी होय.

ओडिशातील केओंझर येथील पुरामृदा सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीची असून त्या काळी वातावरणात अल्प ऑक्सिजन असावा, असे अनुमान तीवरून काढले आहे. चीनच्या लोएस पठारावर लोएस (वाऱ्याने आणून साचवलेली बारीक माती) आणि तांबूस पुरामृदा यांचे पट्टे आलटूनपालटून आढळतात. काश्मीरमधील करेवा थरांतही पुरामृदा आहेत.

दक्षिण ट्रॅप : बेसाल्टाच्या दोन थरांमधील तांबड्या मातकट पट्ट्यास ‘बोल’ म्हणतात. आंबेनळीसारख्या घाटांत रस्त्याच्या कडेच्या कापांत तो सहज दिसतो. त्याची जाडी काही सेंटिमीटरांपासून मीटरभर किंवा अधिक असते. त्यात माँटमोरिलोनाइट गटातील मृत्तिका खनिजे व हेमॅटाइट असते. दोन उद्रेकांमधील विश्रांतीकाळात बेसाल्ट कुजून बोल झाला, हे जुने मत. काही बोल मुळात ज्वालामुखी राखेचे असावेत, हे दुसरे. काही बोलांत झिर्कॉनचे कण मिळाले असून त्यांचे युरेनियम-शिसे पद्धतीने काढलेले वय सुमारे ६.६ कोटी वर्षे येते. राख लवकर कुजते. त्यामुळे नुसत्या जाडीवरून विश्रांतीकाळ मोजणे धोक्याचे आहे.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने बोल हा ट्रॅपमधील सर्वांत फसवा थर होय. खोदताना तो कोरडा व घट्ट वाटतो. मात्र उघडा पडून भिजला की फुगतो, तडकतो व ढासळतो, आणि वरचा बेसाल्ट अधांतरी राहतो. त्यातून पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून त्याच्या माथ्यावर झरे फुटतात. बोगद्याच्या छताशी तो आल्यास ताबडतोब आधार द्यावा लागतो. धरणाच्या पायात लागल्यास खरवडून काढून काँक्रीट भरणे बरे.

लामेटा थर : जबलपूर येथे चुनखडीयुक्त पुरामृदा आहेत. या थरांत डायनोसॉरची अंडीही सापडतात.

जांभा : पाचगणीच्या टेबललँडचा माथा जांभ्याचा आहे. तो पुरामृदा मानावा की नाही, याविषयी एकमत नाही.