फेस : एका खुणेचा इतिहास

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यास मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘दुष्फेन’ म्हणतात आणि ज्यात तो सहज येतो त्यास ‘सुफेन’. इंग्रजीत हाच भेद ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ या स्पर्शवाचक विशेषणांनी दर्शविला जातो. मराठी परिभाषाकारांनी स्पर्श सोडून फेस निवडला. ही निवड अचूक होती असेच म्हटले पाहिजे. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेल्या पाण्यात साबण प्रथम त्या क्षारांशी संयोग पावतो, त्याचा चिकट साका बनतो, आणि क्षार संपल्यावरच फेस उभा राहतो. म्हणजे फेस ही एक वर्दी होय : पाण्याचे देणे फिटले, आता साबण कपड्यासाठी मोकळा आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रयोगशाळांत पाण्याचा कठीणपणा मोजण्याची रीतही हीच होती. टिकाऊ फेस येईपर्यंत साबणाचे द्रावण घालीत जावयाचे आणि किती लागले ते टिपावयाचे. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन. त्या पाण्यावर कपडे धुणारी स्त्री फेसाकडे पाहून साबणाचे प्रमाण ठरवीत असे. तो निव्वळ सवयीचा भाग नव्हता. ती एक खरीखुरी रासायनिक परीक्षाच होती.

गेल्या शंभर वर्षांत या खुणेपासून तिचा अर्थ सुटत गेला. चिन्ह राहिले, चिन्हित गेले. आणि या दोहोंत पडलेल्या अंतराची किंमत नद्यांना, तळ्यांना व काही अंशी मानवी शरीरालाही द्यावी लागली.

साबणापूर्वीची साधने शब्दांतूनच बोलतात. ‘रिठा’ हा शब्द संस्कृत ‘अरिष्ट’, ‘अरिष्टक’ यांपासून प्राकृताच्या वाटेने आला. त्याच फळाचे दुसरे संस्कृत नाव ‘फेनिल’ असे आहे. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य दुष्फेन पाण्यातही फेसाळते, म्हणून रिठ्याच्या फेसावरून पाण्याची परीक्षा होत नाही. हे द्रव्य माशांना घातक असते व मासे गुंगविण्यासाठी अशा फळांचा उपयोग अनेक ठिकाणी होत आला आहे. तेव्हा जुने ते सर्व निरुपद्रवी, अशी जी भाबडी समजूत अलीकडे जाहिरातींतून पसरते आहे तिला इतिहासाचा आधार नाही. रिठ्याचा गुण इतकाच की तो पाण्यात फार काळ टिकून राहत नाही. केसांसाठी शिकेकाई, भांड्यांसाठी राख व माती, आणि परटाच्या भट्टीसाठी सज्जीखार किंवा खारी माती, अशी कामांची वाटणी होती. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेले असते. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारच्या परिसरात काच व साबण करण्याची द्रव्ये मिळतात, अशी नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस साबण या भूमीत अपरिचित नव्हता, एवढे त्यावरून निश्चित होते.

‘साबण’ या शब्दाची व्युत्पत्ती पुष्कळदा पोर्तुगीज ‘साबांव’पासून दिली जाते. ती ग्राह्य वाटत नाही. पोर्तुगीज शब्दांच्या अखेरीचा हा अनुनासिक संयुक्त स्वर मराठीत ‘-आव’ असा उतरतो : ‘पांव’चा ‘पाव’ झाला, ‘लैलांव’चा ‘लिलाव’ झाला. त्या न्यायाने ‘साबाव’ अशा रूपाची अपेक्षा करावी लागेल. अंत्य ‘ण’ची उपपत्ती अरबी-फारसी ‘साबून’वरून सरळ लागते. शिवाय गुरु नानकांच्या ‘जपुजी’त कपडा धुण्याच्या संदर्भात हा शब्द आलेला आहे. नानकांचे निधन १५३९ साली झाले. त्या काळी पंजाबच्या बोलीत पोर्तुगीज शब्द रुळला असण्याचा संभव नाही. दोन्ही वाटा अखेर लॅटिन ‘सापो’शीच जाऊन मिळतात, ही गोष्ट वेगळी. आणि तो ‘सापो’ तरी काय होता? प्लिनीच्या साक्षीप्रमाणे गॉल लोकांचे केस तांबडे करण्याचे साधन! धुण्याशी त्याचा संबंध नंतरचा.

कारखानी साबणाच्या प्रसाराविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. १८८८ साली लिव्हर बंधूंचा ‘सनलाइट’ कलकत्त्याच्या बंदरात उतरला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस आर्देशर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेलांपासून साबण बनविला व तो स्वदेशीच्या वातावरणात लोकप्रिय झाला. या साऱ्या काळात फेसाचा अर्थ अबाधित होता, कारण वडी कोणाचीही असो, रसायन तेच होते.

तो अर्थ बदलला पहिल्या महायुद्धात. चरबीची टंचाई भासू लागल्यावर जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेलाविना चालणारी धावनद्रव्ये शोधण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९४६ साली ‘टाइड’ बाजारात आली आणि पुढील सातआठ वर्षांत त्या देशात संश्लिष्ट प्रक्षालकांनी साबणाला मागे टाकले. (‘प्रक्षालक’ हा शब्द मराठीत पाठ्यपुस्तकाबाहेर कधी पडलाच नाही, घरात ‘पावडर’ म्हणतात, अथवा विशेषनामाचेच सामान्यनाम करून ‘सर्फ’ किंवा ‘निरमा’ म्हणतात.) ही द्रव्ये दुष्फेन पाण्यात साका करीत नाहीत. येथे मळ निघणे आणि फेस येणे या दोन स्वतंत्र क्रिया होतात. उत्तम धुणारे मिश्रण जवळजवळ फेसरहित असू शकते, आणि धुलाईयंत्रात तर अधिक फेस हा अडथळाच ठरतो. परंतु ग्राहकाच्या हाताला व डोळ्याला साबणाने लावलेले वळण कायम होते. फेस नाही तर पावडर निःसत्त्व, असा निर्णय बादलीपाशीच होई. उत्पादकांनी हे वळण बदलण्याऐवजी त्याची सोय पाहिली. फेस वाढविणारी व टिकविणारी द्रव्ये मिश्रणात मुद्दाम घातली जाऊ लागली, आणि जाहिरातींतून फेसाचे डोंगर उभे राहिले. शुभ्रतेची खूण, म्हणजे निळीपासून टिनोपालपर्यंतचा प्रवास, याच जातीची आहे. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

घरातील फेस मोरीतून गेला की संपला, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रारंभीच्या प्रक्षालकांत वापरलेल्या अल्किल बेंझीन सल्फोनेटाच्या कार्बनसाखळीला शाखा होत्या. जिवाणू अशी साखळी टोकाकडून कुरतडत येतात आणि शाखेपाशी अडतात. परिणामी हे द्रव्य सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांतून तसेच नद्यांत गेले. १९५०नंतरच्या दशकात इंग्लंड, जर्मनी व अमेरिका येथील बांधांखाली फेसाचे ढीग साचू लागले. अमेरिकेत तर काही ठिकाणी विहिरीचे पाणी नळातून फेसाळत बाहेर पडे. इंग्लंडमध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला व ऑक्टोबर १९६४ पासून विघटनक्षमतेची अट लागू केली. अमेरिकन उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ साखळीचे द्रव्य स्वीकारले. फेस ओसरला.

फेसाबरोबर लोकांचा रोषही ओसरला, आणि या इतिहासातील खरी मेख येथे आहे. ज्या खुणेने घरात दिशाभूल केली, तिने नदीवर मात्र खरी साक्ष दिली होती. पण ती साक्ष एकाच अपराधाची होती. दुसरा अपराध फेसाविना चालू होता. पाण्यातील कॅल्शियम बांधून ठेवण्यासाठी या पावडरींत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट भरपूर घातलेले असे. फॉस्फरस हे वनस्पतींचे पोषण होय. तळ्यांत तो पोहोचला की नीलहरित शैवले माजतात, ती मेल्यावर कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. हा परिणाम फॉस्फरसाचा की कार्बनाचा, यावर साबण-उद्योगाने बराच काळ वाद चालू ठेवला. त्याचा निकाल १९७३ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्येस, २२६ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहान तळ्यात लागला. डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याच्या मधोमध पडदा टाकला. एका भागात कार्बन व नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. दुसरा भाग हिरवा झाला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्रात अर्धे तळे काळेभोर आणि अर्धे हिरवट दिसते; धोरणकर्त्यांवर त्याचा जो प्रभाव पडला तो कोष्टकांनी क्वचितच पडला असता. कॅनडा व अमेरिकेतील अनेक राज्यांनी प्रक्षालकांतील फॉस्फेटावर मर्यादा घातल्या. युरोपीय संघाने घरगुती कपडे धुण्याच्या पावडरींपुरती अशी मर्यादा २०१३ साली अमलात आणली, म्हणजे तळ्यातील प्रयोगानंतर ४० वर्षांनी.

शैवलांचा प्रश्न केवळ माशांचा नाही. त्यांतील काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे यकृतघातक विष निर्माण करतात. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होते आणि पन्नासांहून अधिक रुग्ण दगावले. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलीडो येथे, ईरी सरोवराच्या पाण्यात तेच विष आढळल्याने, सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नये असे सांगावे लागले. तोपर्यंत त्या सरोवरातील फॉस्फरसाचा मोठा वाटा शेतखतांचा झाला होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सर्व दोष धुण्याच्या बादलीवर टाकता येत नाही. घरातील पावडरीचा शरीराशी थेट संबंध प्रथम ठळकपणे दिसला तो वापरणाऱ्यांत नव्हे, बनविणाऱ्यांत. डाग काढण्यासाठी जिवाणूंपासून मिळविलेली विकरे पावडरींत घालू लागल्यावर कारखान्यातील कामगारांना दमा व श्वसनाचे विकार जडले. १९६९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे विकरांचे कण आवरणात बंद केले जाऊ लागले. धूळ उडेनाशी झाली.

भारतात ‘सर्फ’ १९५९ साली आली व ‘निरमा’ १९६९ साली. पहिली मध्यमवर्गापर्यंत थांबली. दुसरीने कमी किमतीच्या बळावर खेडोपाडी वडीची जागा घेतली. सरळ साखळीचे द्रव्य येथेही आले. पण विघटनक्षम म्हणजे कोठेही विघटन पावणारे, असा अर्थ नव्हे. या द्रव्याला जिवाणूंबरोबर प्राणवायूही हवा, आणि शुद्धीकरणाविना सोडलेल्या सांडपाण्यात तोच नसतो. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतून १९६५च्या सुमारास गेलेला फेस भारतीय जलाशयांवर एकविसाव्या शतकात दिसत आहे. मे २०१५ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावरील फेसाने पेट घेतला. दिल्लीजवळ कालिंदी कुंज येथे यमुनेचे पाणी बंधाऱ्यावरून पडते तेथे छठपूजेच्या दिवसांत स्त्रिया फेसात उभ्या राहून अर्घ्य देतात. आळंदीत इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत वारंवार पांढरा थर चढतो. पिंपरी-चिंचवडच्या बाजूचे घरगुती व औद्योगिक, दोन्ही प्रकारचे सांडपाणी त्यास कारण आहे, आणि वारकरी त्या पाण्यातच स्नान करतात.

फेसाऐवजी दुसरी खूण रुजविण्याचा एक प्रयत्न शासनाने केला होता. १९९१ साली ‘इकोमार्क’ ही योजना जाहीर झाली. पर्यावरणास कमी अपायकारक अशा वस्तूवर मातीच्या मडक्याचे चित्र छापावयाचे होते, आणि साबण व प्रक्षालके ही आरंभीच्या वस्तूंपैकी होती. उत्पादकांनी तिला फारसा प्रतिसाद दिला नाही, ग्राहकाला ती बहुधा कळलीच नाही. २०२४ साली या योजनेचे नवे नियम अधिसूचित झाले आहेत. मडक्याचे चित्र पुड्यावर असते आणि तेथे ते वाचावे लागते. फेस बादलीत असतो आणि तो हाताला कळतो.